साठ हजारांत एडिटिंगचा लॅपटॉप: स्टिकर सोडा, स्क्रीन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फलटणजवळच्या गावात तुम्ही लग्नाच्या ऑर्डरी घेता, मधल्या काळात कीर्तनं शूट करून यूट्यूबवर टाकता. कॅमेरा सोनीचा झेडव्ही-ई१०, जोडीला आयफोन. एडिटिंग एडियस या सॉफ्टवेअरवर, अल्बम फोटोशॉपमध्ये, आणि कलरसाठी हल्ली डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती शिकताय. बजेट ६० हजार, फार ताणलं तर ६५. ओळखीचा दुकानदार ५८ हजारांत ‘आय७, १६ जीबी, ५१२’ देतोय आणि मल्टिमीडियासाठी या पैशात याहून चांगलं मिळणार नाही म्हणतोय. घ्यावा का?

नका घेऊ. लॅपटॉप वाईट आहे म्हणून नाही, तुमच्या कामाचा नाही म्हणून.

तुम्ही पाठवलेल्या पत्रकावर प्रोसेसर आहे इंटेलचा आय७-१२५५यू. गिऱ्हाईक त्यातला ७ बघतं, शेवटचा ‘यू’ कुणी वाचत नाही. यू म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी बांधलेला, १५ वॅटचा प्रोसेसर. त्यात दमाचे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम उपसणारे भाग, फक्त २, बाकीचे ८ हलके. आता त्याच पिढीचा आय५-१२४५०एच शेजारी ठेवा: दमाचे कोअर ४, हलके ४, आणि वॅट ४५. थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामं, दोघांचीही १२च. बिलं टाइप करणं, सिनेमा बघणं, एवढंच काम असेल तर यू जास्त चांगला. गार राहतो, बॅटरीही जास्त चालते. पण दोन तासांच्या कीर्तनाचं एक्सपोर्ट लावलंत की सुरुवातीला थोडा वेळ दोघं जवळपास बरोबरीनं धावतात आणि मग यू दमतो. तुमचं काम नेमकं त्या ‘मग’मध्येच आहे. म्हणून तुमच्यासाठी एचवाला आय५ हा यूवाल्या आय७च्या वरचा.

एएमडी या इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीत याहून गंमत आहे. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७५२०यूमध्ये तो २ आहे, म्हणजे आत झेन २ ही जुनी रचना; ७५३५एचएसमध्ये ३, म्हणजे झेन ३ घराण्यातलं; ७८४०एचएसमध्ये ४, म्हणजे झेन ४. बॉक्सवर मात्र सगळे ‘७००० सिरीज’च. नाव नवीन आणि माल जुना, हे या धंद्यात नेहमीचंच.

पुण्यातल्या स्टुडिओवाल्यांना मशीनं निवडून देणं आणि नंतर तीच उघडून बसणं, असं दोन्हीकडचं काम मी बरीच वर्षं करतो. त्यातून एकच हिशेब पक्का झालाय: जे नंतर बदलता येत नाही त्यात आज पैसे घालायचे. स्क्रीन, ग्राफिक्स चिप, बोर्डावर सोल्डर केलेली रॅम आणि गरम हवा बाहेर काढायची व्यवस्था, या चार गोष्टी घेतल्या दिवशी असतात तशाच शेवटपर्यंत राहतात. एसएसडी आज छोटी घेतली तरी चालते. वजन, जाडी, कीबोर्डचे दिवे यांच्यावर या बजेटमध्ये बोलूसुद्धा नका.

सुरुवात स्क्रीनपासून, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथंच होते आणि कुणाला कळतही नाही. तुमच्या पत्रकात तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय: ‘फुल एचडी, २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी’. दुकानदारानं फुल एचडी तेवढं वाचून दाखवलं असणार. एनटीएससी हे स्क्रीन किती रंग दाखवते याचं जुनं माप. त्याचे ४५ टक्के म्हणजे यूट्यूब आणि साधे मॉनिटर ज्या एसआरजीबीच्या मापानं चालतात, त्यातले जेमतेम साठ-बासष्ट टक्के रंग. बाकीचे रंग ती स्क्रीन दाखवूच शकत नाही. तुम्हाला हवी ती ओळ आहे ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’. दोन्ही जवळपास एकच. आणि निट्स, म्हणजे स्क्रीनचा उजेड, ३००.

हळदीचं फूटेज घ्या. स्वस्त पॅनलवर हळदीचा पिवळा मातकट दिसतो, हिरवा चुडा काळपट दिसतो, चेहरे ओढलेले वाटतात. साहजिकच तुम्ही सॅच्युरेशन वाढवता. स्क्रीनवर आता बरं दिसायला लागतं, फाइल पाठवता. ती उघडते नवरीच्या भावाच्या अमोलेड फोनवर. तिथं पिवळ्याचा नारिंगी झालेला, चुडा रेडियमसारखा चमकतोय, आणि ज्यांना हळद लागलीच नाही त्या पाहुण्यांचे चेहरेही कावीळ झाल्यासारखे. फोन येतो, ‘रंग फार भडक झालेत हो.’ पुढच्या लग्नात तुम्ही हात आखडता घेता, तेव्हा ‘फिकट आलंय’ म्हणून फोन येतो. अल्बम लॅबमधून छापून आला की तिसरेच रंग. अशा वेळी माणूस स्वतःच्या नजरेवर शंका घेतो, कॅमेरा बदलायच्या गोष्टी करतो, आणि दोष असतो त्या ४५ टक्क्यांचा.

एक पळवाट आहे आणि ती चांगली आहे. तुमचं एडिटिंग जर घरीच, एका टेबलावर होत असेल, तर लॅपटॉपची स्क्रीन सुमार असली तरी चालवून घ्या आणि दहा हजारांच्या आसपासचा २४ इंची आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग न बदलणारा) मॉनिटर एचडीएमआयनं जोडा. त्या किमतीत एसआरजीबी जवळजवळ पूर्ण दाखवणारे मॉनिटर मिळतात. टाइमलाइन लॅपटॉपवर, चित्र मॉनिटरवर. ओएलईडी स्क्रीनचे लॅपटॉपही हल्ली या बजेटमध्ये येतात आणि दिसतात फारच देखणे, पण स्क्रीनवर पैसे गेल्यामुळे त्यात बहुधा यू प्रोसेसर असतो आणि वेगळं ग्राफिक्स नसतं. फक्त अल्बमचं काम करणाऱ्याला मी तो सुचवीन. तासन् तास तीच टाइमलाइन एका जागी उघडी ठेवणाऱ्याला नाही.

एक पोटप्रश्न मी तुम्हाला उलट विचारतो: लॅपटॉपच का? लग्नाच्या जागी फक्त कार्डं रिकामी करायची असतील आणि एडिटिंग घरीच असेल, तर याच पैशात असेंबल्ड डेस्कटॉप नक्कीच जास्त काम देईल, आणि पुढे त्याचा एकेक भाग बदलता येईल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारून भाव काढून बघा. पण तुमच्याकडे लाइट जाते, डेस्कटॉपला यूपीएस लागेल, आणि लग्नाच्या दिवशी रिसेप्शनला दाखवायची छोटी फिल्म तिथंच बसून कापायची असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही. तुम्ही लॅपटॉप ठरवलाय असं धरून पुढे जातो.

आता तुमचं फूटेज. लोक प्रोसेसर विचारतात, ग्राफिक्स विचारतात, पण आपला कॅमेरा नेमकं काय लिहितो ते बघत नाहीत. झेडव्ही-ई१० एच.२६४मध्ये ८-बिट ४:२:० लिहितो. एच.२६४ म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, पुढचे आकडे म्हणजे त्यात रंगांची माहिती किती ठेवली ते. हे सगळ्यात सोपं फूटेज. गेल्या काही वर्षांतल्या कुठल्याही इंटेल प्रोसेसरमधलं अंतर्गत ग्राफिक्स हे क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या खास भागाच्या मदतीनं लीलया उलगडतं, आणि एडियस एक्सपोर्टला क्विक सिंक वापरतो. म्हणून एडियसवाल्यांना मी इंटेलच सांगतो, एएमडी त्याच भावात थोडा वेगवान मिळत असला तरी.

दुसरं कारण पुढचं आहे. उद्या तुम्ही झेडव्ही-ई१०चा मार्क टू किंवा ए६७०० घेतलात की १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं फूटेज, हाताशी येईल, आणि ते तुम्ही वापरालच. एच.२६५ या नव्या पद्धतीतलं हे फूटेज इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं अंतर्गत ग्राफिक्स उलगडू शकतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकांच्या ग्राफिक्स कार्डांना ते जमत नाही. ५० मालिकेपासून सोय झाली, पण ती आपल्या बजेटबाहेर. म्हणजे ज्या कामासाठी लोक महाग कार्ड घेतात ते काम प्रोसेसरमध्ये फुकट मिळालेला भाग करतो. फक्त गेमिंग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वेगळं ग्राफिक्स वापरा’ असा पर्याय असतो तो निवडू नका. हायब्रिडवर, म्हणजे दोन्ही ग्राफिक्स चालू ठेवा, नाहीतर क्विक सिंक गायब होतं आणि मशीन स्लो झालं म्हणून माझ्यासारख्याकडे येतं.

आयफोनबद्दल एकच: आयफोन १२पासून पुढच्या मॉडेलांवर व्हिडिओ एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला धरून, निघतो. साध्या टाइमलाइनवर तो पांढरट, उडालेला दिसतो. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद करा, लॅपटॉप बदलायची गरज नाही.

मग वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच का? एडियससाठी अडलेलं नाही. रिझॉल्व्हसाठी हवं. रिझॉल्व्ह जवळजवळ सगळं वजन जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर टाकतं, आणि त्याची मेमरी भरली की ‘जीपीयू मेमरी फुल’ असा संदेश देऊन हात वर करतं. ४ जीबीचं आरटीएक्स २०५० किंवा ३०५० असेल तर टाइमलाइन फुल एचडीवर ठेवून काम निभतं. ४के टाइमलाइनवर दोन-तीन इफेक्ट चढवले की तो संदेश यायला लागतो. ६ जीबीचं ३०५० मिळालं तर ते घ्या. इथंही नावावर जाऊ नका. लॅपटॉपमधलं ४ जीबीचं ३०५० कंपनीनुसार ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत चालतं, आणि ३५ वॅटवालं ८० वॅटवाल्याच्या जवळपासही येत नाही. हा आकडा कंपनीच्या साइटवर ‘टीजीपी’ म्हणून दिलेला असतो. दुकानातल्या कार्डावर नसतो.

‘४ जीबी ग्राफिक्स’ असं दुकानदार नुसतं तोंडानं म्हणाला तर कार्डाचं नाव विचारा. पुष्कळदा ती तुमच्याच रॅममधून उसनी घेतलेली मेमरी असते.

रॅम १६ जीबीच्या खाली नको. १२ बाय ३६ इंचांची अल्बमची शीट ३०० डीपीआयला उघडली की १०,८०० गुणिले ३,६०० पिक्सेल होतात; एकेक पूर्ण थर ११५ एमबीच्या वर जातो. त्यावर पंधरा फोटो, मास्क, शॅडो, मागे ब्राउझर उघडा. ८ जीबीत हे होत नाही, लॅपटॉप एसएसडीवर घासत बसतो. पूर्वी मी ‘८ घ्या, महिन्याभरानं ८ची पट्टी टाका’ असं सांगायचो, कारण ते स्वस्त पडायचं. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे पट्ट्यांचे भाव चढलेत, म्हणून आता कंपनीकडूनच १६ घेतलेली बरी. १६ची एकच पट्टी असण्यापेक्षा ८-८च्या दोन असाव्यात. अंतर्गत ग्राफिक्स रॅमवरच जगतं, आणि दोन वाटांनी रॅम मिळाली तर ते वेगानं चालतं. तुमच्या पत्रकातल्या आय७मध्ये आयरिस एक्सई आहे असं लिहिलंय; एकच पट्टी असेल तर तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये नुसतं ‘यूएचडी’ म्हणून दिसतं. दुकानात टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं. १ पैकी १ दिसलं तर पुढे वाढवायची जागाच नाही.

एसएसडीचा हिशेब तुमच्या कार्डावरून करा. झेडव्ही-ई१० ४केमध्ये १०० एमबीपीएसवर लावला की ताशी ४५ जीबी. दोन तासांचं कीर्तन म्हणजे ९० जीबी. ५१२ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६च दिसते, विंडोज आणि सॉफ्टवेअरं जाऊन साडेतीनशे उरतात, आणि दोन कॅमेऱ्यांचं एक लग्न त्यात मावत नाही. म्हणून दुसरा एम.२ स्लॉट, म्हणजे आणखी एक एसएसडी बसवायची जागा, आहे का एवढं बघा. असेल तर ५१२ पुरे, पुढच्या सीझनच्या पैशांतून १ टीबीची दुसरी बसवा. लग्नाचा डेटा मात्र लॅपटॉपवर साठवायची गोष्टच नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर दोन कॉप्या, आणि त्या दोन्ही एका बॅगेत नकोत.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःचं फूटेज न्या: हळदीची एक क्लिप, रात्रीच्या कीर्तनाची एक, जिच्यात मंडपाचे दिवे आणि मागे अंधार आहे, आणि अल्बमची एक शीट. आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, पेन ड्राइव्हवरून चालवून काही कळत नाही. रात्रीच्या क्लिपमध्ये अंधाराकडे बघा. दिव्याभोवतीचा प्रकाश सलग विरत जातो की गोल गोल पट्टे दिसतात? वीणेकऱ्याच्या काळ्या बंडीच्या घड्या दिसतात की नुसता काळा ठिपका? मग स्क्रीन पुढे-मागे कलती करा. चेहऱ्याचा रंग बदलत गेला तर ते टीएन, म्हणजे स्वस्तातलं पॅनल, तिथूनच परत फिरा. तोच फोटो तुमच्या आयफोनवर उघडून शेजारी धरा. त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखालचा ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख बघा, क्लिप चालताना तो हलला आणि प्रोसेसर शांत राहिला, म्हणजे क्विक सिंक काम करतंय. दुकानदार कुरकुरला तर चहा मागवा आणि चालू ठेवा. साठ हजार मोजायचेत.

एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन वेगवेगळी पॅनलं विकली जातात, हे लक्षात ठेवा. एचपी व्हिक्टस, लेनोवो एलओक्यू, आसुस टफ, एसर नायट्रो, एमएसआय थिन, या सगळ्यांत एचवाला प्रोसेसर आणि आरटीएक्स असलेली स्वस्त मॉडेलं असतात आणि तुमचा लॅपटॉप याच घरांतून निघेल. पण ‘व्हिक्टस चांगला की टफ’ या प्रश्नाला अर्थ नाही. पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या साइटवर टाकायचा आणि स्क्रीनची ओळ वाचायची.

सेकंडहँड मॅकबुक एअर एम१ घेऊ का, असं बरेच जण विचारतात. मशीन उत्तम, पण एडियस मॅकवर चालत नाही, आणि ८ जीबीचा असेल तर ते कायमचे ८. तुमच्यासाठी बाद. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉपही बाद. जुन्या डोंगलचे (सॉफ्टवेअर लायसन्सच्या यूएसबी चावीचे) आणि प्रिंटरचे ड्रायव्हर त्यावर बसत नाहीत. कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड थिंकपॅड, लॅटिट्यूड मजबूत असतात, पण विंडोज ११ इंटेलच्या ८व्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. शिवाय त्यांच्या स्क्रीन बहुधा तीच ४५ टक्केवाली. ‘एआय पीसी’च्या स्टिकरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

ऑनलाइन की दुकानात? दसरा-दिवाळीच्या आणि २६ जानेवारीच्या सेलमध्ये बँकेच्या कार्डावर चार-पाच हजार सुटतात, ते सोडायचे नाहीत. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते, तेवढं धरा. बॉक्स उघडताना सील दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. कॅमेरा तर हातात आहेच. दुकानातून घेत असाल तर सीरियल नंबर तिथंच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेला संपते ते बघा. महिनोन् महिने पडून राहिलेल्या मालाची ती आधीच सुरू झालेली असू शकते. बिल पक्कं, १८ टक्के जीएसटीसकट. तुमच्या स्टुडिओचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर नंबर बिलावर घाला, इनपुट क्रेडिट मिळतं. आणि ऑनसाइट वॉरंटी तुमच्या पिनकोडला खरंच लागू आहे का हे कस्टमर केअरला फोन करून विचारा. पत्रकावर ऑनसाइट असतं आणि तालुक्याच्या गावी इंजिनिअर येतच नाही, मग ऐन सीझनमध्ये मशीन पार्सल करून वाट बघत बसावं लागतं.

तुमच्या जागी मी असतो तर आय५-१२४५०एच किंवा १३४२०एच, आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ८-८ची १६ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी आणि दुसरा रिकामा स्लॉट, १०० टक्के एसआरजीबी, एवढं ६५च्या आत बसेपर्यंत सेलची वाट बघितली असती. नाहीच बसलं तर ग्राफिक्स २०५०वर आणतो, पण स्क्रीन सोडत नाही. फार तर स्क्रीनचे पैसे मॉनिटरकडे वळवतो.

घरी आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत दोन तासांचं एक्सपोर्ट लावा, दुपारी, पंखा बंद करून. टेबलावर, गादीवर नाही. खालून हवा ओढतात ही मशीनं. चार्जर लावूनच, कारण बॅटरीवर ग्राफिक्सचा जोर निम्म्याहून खाली येतो. शेवटच्या दहा मिनिटांत वेग पहिल्या दहाइतकाच राहिला तर मशीन ठेवा. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मशीनला दोष देऊ नका, आधी बोर्डाचं अर्थिंग वायरमनला दाखवा. आणि कार्ड रीडर: या गेमिंग मॉडेलांपैकी बऱ्याच जणांना एसडी कार्डाचा खाचा नसतो, त्यामुळे यूएसबी ३चा चांगला रीडर वेगळा घ्यावा लागेल. तो बजेटमध्ये आधीच धरा.